नळीचा बाक आणि सिद्रामप्पांची काठी

नाही पण, दुखणं छातीत आणि भोक मांडीला, ही कुठली रीत हो?... असं मी नाही, सिद्रामप्पा म्हणत होते, टेबलावर उताणे पडून! तुम्हाला सांगतो, अठ्ठ्याहत्तर साल, आमचं सोलापूर, गड्ड्याची जत्रा तोंडावर, आणि सिद्धेश्वराची ती माडीएवढी काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून मिरवणारा हा गडी छाती धरून बसलेला! यंदा काठी उचलायची की नाही, एवढंच डॉक्टर मंद्रूपकरांनी सांगायचं. आणि त्यासाठी मांडीतून नळी, कॅथेटर म्हणतात तिला, थेट काळजाच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी न्यायची, औषध सोडायचं, फोटो काढायचा. डाव्या रक्तवाहिनीला एका बाकाची, म्हणजे टोकाला एका वळणाची नळी, उजवीला दुसऱ्या. डावी झटक्यात झाली. उजवीकडं मात्र... नळी काही शिरेना!

डॉक्टर जिद्दीचे. फिरव, ओढ, परत फिरव... नळी काही शिरेना! दुसरी मागवली, तर ती सुतासारखी सरळ! "सिस्टर, हिचा बाक कुठं गेला?" सिस्टर म्हणतात कशा, "सर, सुयांबरोबर मीच उकळली की! चांगली खळाखळा!" घ्या! अहो, नळीचा सगळा जीव त्या बाकात, आणि बाईंनी तिचा रस्सा केला!

दुसरा असता तर म्हणाला असता, जा घरी. मंद्रूपकरांनी नळीत तार घातली, हवा तसा बाक दिला, वाफेवर धरली, गार पाण्यात बुडवली, आत सारली... नळी काही शिरेना! बाक जास्त झाला. पुन्हा वाफ! टेबलावरून सिद्रामप्पा, "चहा टाकलाय व्हय डॉक्टर? बिनसाखरेचा नको हां!" "गप पडा हो!" तुम्हाला सांगतो, त्या वाफेनं डॉक्टरांची मिशी जी वर वळली, ती आजतागायत खाली आलेली नाही!

आणि मग... शिरली! फोटो निघाला. उजवी रक्तवाहिनी मध्येच दोऱ्याएवढी बारीक.

"काठी बंद, सिद्रामप्पा. जड काही उचलायचं नाही."

"आज्ज्याच्या हातनं आलीय ती माझ्याकडं, डॉक्टर..."

"यंदा भाच्याकडं जाऊ दे."

गडी भिंतीकडं तोंड करून पडला. बाहेर त्यांच्या बायकोनं, सुंदरम्मांनी मात्र देवाला हात जोडले. काठी सोडा, काठी सोडा, म्हणून महिनाभर नवऱ्यामागं धोशा लावला होता त्यांनी!

जत्रा पार पडली. थोड्या दिवसांनी सुंदरम्मा डॉक्टरांपुढं हजर.

"काय झालं? ऐकत नाहीत का?"

"लई ऐकतेत की! घागर उचलत न्हाईत, पोतं उचलत न्हाईत, पाण्याचा तांब्या बी मीच तोंडाला लावायचा. वर म्हणतेत, 'डॉक्टरांचा हुकूम हाय!'... डॉक्टर, त्यापरीस ती काठीच उचलू द्या की हो त्यांना!"