विटांवरच्या गाडीचा ठोका

आयका, अन् मधात हसू नका. पुसदले एका जिनिंगमालकाची शर्यतीची विलायती मोटार होती. मालक वारल्यावर त्याच्या बाईनं मले बोलावलं. म्हणल्या, "मिस्त्री, इंजिनचा ठोका तेवढा बंद करून द्या. रोज चार वाजता आयकून जीव घाबरते."

मले वाटलं, पोरगा चालवत असन. पाह्यतो तं गाडी विटांवर उभी, चाकं काढलेली.

तरी बाईच्या सांगण्यावरून इंजिन खोललं. पहिल्या मिस्त्रीनं बेअरिंगच्या जागी कमरपट्ट्याचं चामडं कोंबलं होतं. म्या ते काढून दाखवलं. "याच्यानंच ठोकत होती. आता नाही ठोकणार."

"हे जिते होते तवा त्याच आवाजावर मी यायच्यासाठी चहा ठेवत होती," बाई म्हणल्या.

चार वाजले. इंजिन ताडपत्रीवर सुटं पडलं होतं, चामडं माह्या हातात होतं, अन् रस्त्यानं ठोका आला. ठक, ठक, ठक. फाटकापाशी येऊन थांबला. म्या फाटक उघडून पाह्यलं. रस्ता रिकामा.

परत आलो तं बाई स्टोव्ह पेटवून राह्यल्या होत्या.

"तुमालेबी आयकू आलं?" त्यायनं विचारलं. "मले वाटे, मले एकटीलेच येते."

मंग चहाचं आधण ठेवत म्हणल्या, "फाटक उघडंच ठेवलं ना?"