एकाच दात्याचे दोन पापुद्रे

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, माझे सहकारी, परिचारिका भगिनी आणि आज तपासणीची तारीख नसतानाही आलेले माझे रुग्ण, सर्वांना नमस्कार.

गेला तासभर माझं इतकं कौतुक झालं, की मीच मला ओळखू येईना. 'सोन्याचे हात' असं चार वक्ते म्हणाले. मंगळवारी मी शेवटची शस्त्रक्रिया करणार, हेही अध्यक्ष महोदयांनी जाहीर करून टाकलं. मी बसून बोललो तर चालेल ना? थकलोय हो.

बुबुळाच्या अगदी आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. त्या पेशी सतत पाणी उपसत राहतात, म्हणून बुबुळ स्वच्छ राहतं. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मग दात्याच्या बुबुळाचा तेवढाच पापुद्रा काढून आम्ही रुग्णाला बसवतो. पहिल्या सहा महिन्यांत साधारण तिसरा हिस्सा पेशी जातात, ते धरूनच चालतो. माझ्या रुग्णांच्या गेली दोन वर्षं त्याहून जास्त जात होत्या. मी खापर फोडायचो दात्याच्या वयावर. दाता बिचारा उठून भांडायला येतोय थोडाच?

आमच्याकडे पेशी मोजणाऱ्या ताई आहेत. त्या बघा मागे उभ्या, खुर्ची दिली तरी बसत नाहीत. गेल्या महिन्यात त्या दोन कागद घेऊन आल्या. एक माझ्या रुग्णाचा, दुसरा आमच्या धाकट्या डॉक्टरीणबाईंच्या रुग्णाचा. शस्त्रक्रियेआधी दोन्हीकडे पेशींचा आकडा सत्तावीसशेच्या आसपास. सहा महिन्यांनी त्यांच्याकडे एकोणीसशे, माझ्याकडे अकराशे. मी सवयीनं म्हणालो, "दाता म्हातारा असेल."

ताई म्हणाल्या, "सर, दाता एकच होता. उजव्या डोळ्याचा पापुद्रा तुम्ही बसवलात, डाव्याचा त्यांनी."

मला राग आला. मशीन तपासून घ्या म्हणालो. मग माझ्याच शस्त्रक्रियांची चित्रफीत लावून बसलो. पापुद्रा एकदा ठेवला की सोडून द्यायचा असतो. मी तो पुन्हा पुन्हा सरळ करत होतो. चिमटा टेकला, की तिथल्या पेशी गेल्याच. हात थरथरतो म्हणून पापुद्रा तिरका बसतो आणि तिरका बसतो म्हणून मी पुन्हा हात लावतो. लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

पेशी जाताना दुखत नाही, खुपत नाही. सकाळी डोळ्यांपुढे दिसणारं धुकं एक दिवस दुपारपर्यंत उतरत नाही, तेव्हा कुठे माणूस आमच्याकडे येतो. काल त्या अकराशेवाल्या रुग्णाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण डॉक्टर, मला दिसतंय की."

आता मंगळवार. तिसऱ्या रांगेत आमच्या शिवणकामवाल्या बाई बसल्यात. त्यांचा एक डोळा मी आठ वर्षांपूर्वी केला, तेव्हा हात धड होता. दुसऱ्यासाठी त्या वर्षभर थांबल्या, हात माझाच हवा म्हणून. सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारावी लागते, ते त्यांच्या जिवावर येतं. हे मी चारचौघांत बोलतोय, कारण तपासणीच्या खोलीत दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा बाईंनीच माझी समजूत काढली आणि मी ती काढू दिली.

बाई, मंगळवारी धाकट्या डॉक्टरीणबाई करतील. मी शेजारी स्टुलावर बसून तुमच्याशी बोलत राहीन. चिमट्याला हात लावणार नाही.

अध्यक्ष महोदया, संयोजक आणि आपण सगळे वेळ काढून आलात, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. हातांकडून जे झालं, त्याची माफी इथे मागून भागणार नाही. अशा रुग्णांची नऊ नावं ताईंनी काढून दिलीत, त्यांच्या घरी मी जाणार आहे.

आणि बाई, तुम्ही अजून हो म्हणाला नाहीत. मी थांबतो.