पण चेहरा बघा की

…आणि वर मलाच विचारतात, आजोबा, तुमचं तोंड असं का? अरे, माझं तोंड जन्मापासून असंच आहे, त्यावर कुणी गोळी दिली नाही. गोळी दिली ती नातीला. तोंडावर पुटकुळ्या आल्या म्हणून. एकोणीस वर्षांच्या पोरीला पुटकुळ्या येणार नाहीत तर काय सुरकुत्या येणार? पण नाही. तिची आत्या येऊन म्हणाली, अगं बाई, काय करून घेतलंस हे चेहऱ्याचं! जसं काही पोरीने हौसेने लावून घेतल्यात. शेजारीण म्हणाली, माझ्या भाचीचे डाग कायमचे राहिले हो. या शेजारणीला स्वतःच्या दारातला केर दिसत नाही, पण आमच्या पोरीच्या हनुवटीवरचा फोड रस्त्यापलीकडून दिसतो. शेवटी पोरगी फोटोत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहायला लागली, तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, आता डॉक्टरच गाठू.

गाठा. मी नाही म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू?

तुम्हाला सांगतो, मी गाड्या रंगवतो. बेचाळीस वर्षं. शाळा चौथीपर्यंत. ठोकलेला दरवाजा आणा, मी खड्ड्यांत पुट्टी भरतो, घासतो, रंग मारतो, आणि मग डोळे मिटून तळहात फिरवतो. हाताला काही लागलं नाही, की पास. मी पास म्हटल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर जात नाही, मालकाचीसुद्धा टाप नाही.

तर गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात ओठ फुटले, नाकाची सालं निघाली. दुसऱ्या महिन्यात फोड बसायला लागले. तिसऱ्या महिन्यात गाल असे झाले, तुम्हाला सांगतो, नवं कोरं बॉनेट! मी सगळ्यांसमोर तिच्या गालावरून तळहात फिरवला आणि म्हटलं, पास. सगळे हसले. पोरगी हसली नाही.

आता या पोरीला घरात टकळी म्हणतात. का? तर तोंडाची टकळी बंद म्हणून होत नाही. दात घासतानासुद्धा बोलणार, फेसासकट. माझा रेडिओ मोठा, माझ्या चपला वाटेत, माझं घोरणं तिच्या खोलीपर्यंत… दिवसाला चार भांडणं ठरलेली, रविवारी सहा. ती पोरगी गप्प झाली. आणि मी काय केलं? खूश झालो! बातम्या पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू यायला लागल्या. मी सुनेला म्हटलं, पोरगी शहाणी झाली. माझे शब्द हे, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

मग ती ताटात अर्धं टाकायला लागली. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. कॉलेजातून आली की पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड. मी मुलाला विचारलं, हिला काय झालंय? म्हणाला, परीक्षेचा ताण असेल, पण चेहरा बघा की! सुनेला विचारलं. म्हणाली, वयच असतं हो बाबा असं, पण चेहरा बघा की! आत्या फोनवरून, तिकडून, काही न बघता म्हणते, अगं चेहरा काय सुंदर झालाय म्हणे! अरे, चेहरा काय वेगळा पाळलाय का तुम्ही? तो ज्या पोरीला चिकटलाय ती कुठे आहे?

आता एक गोष्ट सांगतो, ती मी तेव्हा बाहेर कुणाला कळू दिली नव्हती. माझे डोळे गेलेत. पूर्ण नाही, पण राखाडीतला निळा आणि निळ्यातला राखाडी मला वेगळा दिसत नाही. जुन्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असतो, त्याला जुळेल अशी शेड कालवावी लागते. गेली दोन वर्षं ती शेड टकळी ठरवते. मी पत्र्याच्या दोन तुकड्यांवर रंग लावून घरी आणतो, ती खिडकीत धरते आणि भांडते. हा नाही, यात पिवळं पडलंय. हा नाही, हा तर भांड्यासारखा दिसतोय. अर्ध्या थेंबासाठी भांडणारी पोरगी! गॅरेजात कुणाला पत्ता नव्हता. सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याची नजर काय आहे!

त्या दिवशी एका राखाडी गाडीचे दोन तुकडे आणले. तिच्यासमोर धरले. तिने बघितलंही नाही. म्हणाली, "कुठलाही लावा, आजोबा. काय फरक पडतो?"

मी लावला. दरवाजा उन्हात आला आणि गाडीवाला बोंबलला, अहो, हा दरवाजा दुसऱ्या गाडीचा लावलात की काय! बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी गाडी परत आली. मी तणतणत घरी गेलो आणि पोरीला झाडली. माझं नाव घालवलंस, म्हटलं. म्हटलं, आता ही उसळेल. अहो, मी वाट बघत होतो तिच्या उसळण्याची! ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "मी असले काय आणि नसले काय, आजोबा, सारखंच आहे."

सारखंच? अर्ध्या थेंबाचा फरक सांगणारी पोरगी म्हणते, सारखंच?

मी तिच्या टेबलावरून गोळ्यांचं खोकं उचललं. त्यात एक कागद असतो, बघितलाय का कुणी? घडी उलगडली तर चादरीएवढा होतो, मराठी पार तळाला, आणि अक्षरं मुंगीला चष्मा लावावा लागेल अशी. भिंग घेतलं. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. अर्धा दिवस गेला, पण सापडलं. काही रुग्णांत उदासी, वागण्यात बदल, जीव नकोसा वाटणे, असे दिसल्यास डॉक्टरांना तात्काळ कळवावे. तात्काळ! आणि छापलंय कसं, तर कुणी वाचूच नये असं. तडक औषधवाल्याकडे गेलो. तो म्हणतो, सगळ्याच कागदांत असलं लिहिलेलं असतं हो, घाबरायचं नसतं, पण चेहरा बघा की तिचा! म्हटलं, तू गल्ल्याकडे बघ.

मुलगा म्हणाला, बाबा, दोन महिनेच राहिलेत, अर्धवट सोडलं तर फोड परत येतील, एवढा चेहरा झालाय…

"चेहरा मी बघितला," म्हटलं. "आता पोरगी तू बघ."

बघितली. मग गाडीची किल्ली शोधायला त्याला वेळ लागला नाही.

दवाखान्यात समोर बसणारी ताई म्हणाली, नंबर नाही, मंगळवारी या. मी डॉक्टरांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. मी दारात उभा राहिलो की दार लागत नाही, इतकं सोपं असतं. आत गेलो तर डॉक्टरीणबाई पोरीकडे बघून काय म्हणाव्या? वा, चेहरा बघा की, किती छान!

मग मात्र मी सुटलो. काय काय बोललो, इथे सांगत नाही, बायकामाणसं बसलीत. बाईंनी ऐकून घेतलं, मला हाताने गप्प बसवलं आणि खुर्ची पोरीकडे वळवली. झोप लागते का, जेवण जातं का, आणि मग सरळच विचारलं, "जगू नये, असं मनात येतं का?"

पोरगी म्हणाली, "कधीकधी."

 

बाई म्हणाल्या, गोळी आजपासून बंद. हे गोळीनेच झालं असं मी ठासून सांगू शकत नाही, बहुतेकांना काही होत नाही, आणि फोडांनीसुद्धा मन खचतं, पण वाट बघायची नाही. मनाच्या डॉक्टरांसाठी लगेच चिठ्ठी लिहिली, आजच जा म्हणाल्या, आणि तोवर पोरीला एकटं सोडू नका. तरीही मी थांबलो नाही. म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

बाईंनी फायलीतून एक कागद काढला. म्हणाल्या, "ही सही कुणाची?"

आता… हे मी तुम्हाला मघाशी सांगितलं नव्हतं. सही ठसठशीत. खाली रेघ. रेघेखाली दोन टिंबं. माझी. पहिल्या दिवशी पोरीच्या सहीखाली घरच्या एकाची हवी होती, मुलाने पेन उचललं होतं, ते मी काढून घेतलं. घरात मोठा कोण? सगळं समजावून सांगितलं, स्वभावात बदल दिसला तर कळवू, असं छापलं होतं वर. समजावलंही होतं म्हणे बाईंनी, चांगली दहा मिनिटं. मी तेव्हा त्यांच्या भिंतीवरचा रंग बघत होतो. नुसते ब्रशचे फराटे! कुणी मारला होता कोण जाणे.

असो.

दोन महिने गेले. मनाचे डॉक्टर बरे आहेत, कमी बोलतात. आधी पोरगी पूर्ण जेवली. मग एक मैत्रीण आली. मग एका सकाळी मी आंघोळीहून आलो तर रेडिओ बंद केलेला. मी सुनेकडे बघितलं, सुनेने माझ्याकडे.  हनुवटीवर दोन फोड परत आलेत. शेजारणीने रस्त्यापलीकडून मोजले. टकळीने तिला तिथूनच उत्तर दिलं, ते तीन घरांनी ऐकलं.

आणि बरी झाल्यावर पहिलं काम काय केलं पोरीने? गॅरेजात आली आणि मालकासमोर, गिऱ्हाइकासमोर सांगून टाकलं, आजोबांना निळा दिसत नाही! दुसऱ्या दिवशी मला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात. मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन ठरलं. सहीचा कागद पुढे आला. मी पेन काढलं. तिने ते हातातून घेतलं आणि कागद मोठ्याने वाचायला लागली. प्रत्येक ओळ. प्रत्येक ओळीला थांबून, समजलं का आजोबा? मग डॉक्टरांशी वाद, हे असं का आणि ते तसं का, मागे रांग, लोक घड्याळं बघतायत, नर्स कपाळाला हात लावून… चौथं पान संपता संपता दवाखाना बंद झाला.

उद्या पाचव्या पानापासून.