कडेचा आदमी

सांगा जोशीसाहेब, विश्वास कुणावर ठेवायचा? टाय बांधलेल्यावर की धुळीने माखलेल्यावर?

ऐंशीच्या दशकात कतारला, दोह्यात माझं फोटो-फ्रेमचं दुकान होतं. जोन नावाची इंग्रज नर्स तिथल्या रग्बी लीगच्या संघात पुरुषांबरोबर खेळायची. शेवटचा सामना तिनेच जिंकून दिला. मायदेशी बायकांच्या संघात तिची निवड व्हायची होती आणि दोह्यात खेळल्याचा पुरावा म्हणजे संघाचा हा एकच फोटो.

तो घेऊन क्लबचे सेक्रेटरी बक्षी आले. फोटोत एका टोकाला धुळीने माखलेली जोन, दुसऱ्या टोकाला टाय लावून हे स्वतः. जन्मात चेंडूला हात लावला नव्हता!

"सेठ, किनारे का आदमी काट दो. बड़े साहब को दिखाना है, यल्ला, जल्दी!"

"कौनसा आदमी?"

"अरे, समझा करो ना!"

बोट जोनवर. संघात बाई खेळली हे साहेबाला कळू द्यायचं नव्हतं, आणि तिचं नाव घ्यायलाही यांची जीभ रेटेना! माझं डोकंच फिरलं. कात्री उचलली आणि त्यांनाच कापलं.

"ये क्या किया?" बक्षी किंचाळले.

"आदमी बोला ना आपने? उधर तो औरत थी!"

फ्रेम केली आणि जोनच्या हातात दिली. खलास.

तुम्ही यंदा आपल्या गणेश मंडळाचा हिशोब लिहिणार ना? प्रामाणिकपणे लिहा. मोदक वळणाऱ्या बायकांना 'इतर खर्चा'त ढकलू नका.