शिवायला की द्यायला

शिवायला हवंय की द्यायला? — ते आधी सांग ताई, म्हणजे मी तसा गठ्ठा काढते. द्यायला. वाटलंच मला. हळदीकुंकू ना? रथसप्तमीच्या आत उरकायचं, हो ना, दिवस कुठे राहिलेत आता. मग हे घे, ह्या ढिगातले घे. देण्याघेण्याचे ब्लाऊजपीस. ह्यात फक्त रंग बघायचा, हात लावायचा नाही — हात लावला की कळतं ना, नुसती चाळणी! हसतेस काय, खरं सांगते. ह्यात सुई घातली तर सुईला लाज वाटेल. पण घालतंय कोण? म्हणून चालतं. पाच सवाष्णी, पाच पीस. उचल आवडतील ते, लाल आहे, हिरवा आहे — तो नको. तो काउंटरवरचा नको, ताई. तो विकायचा नाहीये. ठेव खाली.

मी तू म्हणते हां, राग नको मानू, माझ्या पोरीएवढीच असशील. बस त्या स्टुलावर. गर्दी आहे का काही? तुझ्याआधी आज एक बाई आली, ती पण फॉल-पिको कुठे करतात ते विचारायला. पूर्वी ह्या दुकानात बायकांना उभं राहायला जागा नसायची. आमचे हे धुळ्याकडून इथे सुरतेत, पांडेसऱ्यात मिलमध्ये लागले, रंगाच्या खात्यात, अन् मिलमधले उरलेले तुकडे किलोवर आणून मी हे दुकान मांडलं. आजही कलाबाई कटपीसवाली म्हण, रिक्षावाला दारात आणून सोडेल. संध्याकाळी बायका यायच्या, तुकडा उजेडात धरायच्या, दातात दोरा चावून बघायच्या, भावावरून भांडायच्या — भांडायच्या म्हणजे काय, माझं डोकं उठवायच्या! — अन् नेऊन शिवायच्या. नवऱ्याचा शर्ट, त्यात उरलं तर पोराची चड्डी, त्यातूनही उरलं तर पिशवी, अन् चिंध्या उशीत. आता कोणी भांडतसुद्धा नाही. भाव सांगितला की मोबाइल काढतात, पैसे टाकतात, जातात. त्यात काय मजा?

घरच्या शिवण्यात काय असतं, विचार मला. काय असतं? आत कापड सोडलेलं असतं. आता हा तू घातलाय ना कुर्ता, उलटा करून बघ बाजूची शिवण — एक धागा जास्त सापडायचा नाही. रेडीमेडवाल्याला काय पडलीय, तू जाड झालीस काय, बारीक झालीस काय. घरची बाई शिवताना दोन बोटं कापड आत सोडते. अंग वाढतं, बाळंतपण होतं, दुखण्यानं उतरतं — उसवलं, पुन्हा शिवलं, झालं. आत कापड सोडायचं म्हणजे काय, तर पुढचा विचार करायचा. माझा गोपाल म्हणतो, आई, कशाला हे सगळं, दुकान खाली कर, मला पार्सलं ठेवायला जागा दे. ऑनलाइन साड्या पाठवतो तो. ह्या सुरतेतून साडी कुठल्या कुठे जाते बघ, अन् इथल्या बाईला ब्लाऊज मात्र ताणणारा पाहिजे, कोणालाही होणारा! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, ते हे. देईन मी त्याला दुकान. पुढच्या महिन्यात देतेच आहे. तुझे हे पाच शेवटचेच समज.

अन् तू देशील ना हे पाच, त्यांचं काय होईल सांगू? काही नाही होणार. तू देशील शेजारणीला, ती ठेवेल कपाटात, चैत्रात तिच्या नणंदेच्या ओटीत, नणंद आणखी कोणाला देईल. घडी मोडायचीच नाही. घरोघर फिरत राहतो नुसता. एकीनं तर माझ्याच दुकानातला पीस मलाच परत विकायला आणला होता, आहेस कुठे! मी हसले तेव्हा. पोट धरून हसले. म्हणजे — हसायचीच गोष्ट होती तेव्हा.

काय? हो, रंग चांगला आहे त्याचा. चिंतामणी म्हणतात ह्याला. डोळा आहे तुला. पण तो नाही द्यायचा — अगं, जाड लागला ना हाताला? लागला ना? बघ, तुला पण लागला! एका मिनिटात लागला! मग इतक्या बायकांच्या हातातून गेला, एकीला लागू नये?

माझा आहे तो. म्हणजे माझ्या योगिताचा. पोरगी माझी, कामरेजला दिलीय, सासरे बँकेत होते, शिकलेली माणसं. लग्नाचा ब्लाऊज मी शिवला होता, रात्रंदिवस बसून — बाह्यांना मोती लावले, पाठीला गोंडे. तिकडच्यांनी बुटीकमधला आणला. ठीक आहे, आणला तर आणला, तोच घालायचा म्हणाली असती तर मी काही बोलले नसते. पण आत मैत्रिणींना सांगत होती, आईचं शिवणं जुनाट आहे. मी दारात उभी. काय वाटलं असेल मला? ह्याच पोरीला परकरापासून सगळं मी शिवलेलं, माझ्या मांडीवर बसून हुक लावायला शिकली ती. मग मीही चार पाहुण्यांसमोर बोलले, यापुढे तुझ्या अंगाला माझी सुई लागणार नाही. बोलले म्हणजे बोलले. आपण खान्देशी, आपली जीभ अशीच.

पण मन राहतं का? लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला गं, आली माहेरी. तिचा एक जुना ब्लाऊज राहिला होता माझ्याकडे, त्याच्या मापावर मी नवा शिवला. हा. चोरून शिवला, ह्यांनासुद्धा कळू दिलं नाही. आता द्यायचा कसा? शब्द दिलेला! मग काय केलं, उरलेल्या कापडात तो गुंडाळला, चौकोनी घडी घातली, पिशवीत सरकवला — बघणाऱ्याला वाटावं, साधा ब्लाऊजपीस. घडी सुटू नये म्हणून कोपऱ्याला पिवळ्या दोऱ्याचा एक टाका. हुक नाही लावले, जाड लागतील म्हणून. म्हटलं, हुक ती लावेल. तेवढं तर येतं तिला. निघताना ओटी भरली, त्यात घातला. नारळ, तांदूळ, अन् हा. म्हटलं, घरी जाऊन उघडेल, बघेल, अन् लगेच फोन करेल — आई!

नाही आला फोन. आठवडा गेला, महिना गेला. फोन यायचा गं, पण तसा नाही. जेवलीस का, हो जेवले, ठेवते. मी वाट बघायची, आता म्हणेल, मग म्हणेल. मग मला काय वाटणार? बघितला, अन् जुनाट म्हणून टाकून दिला. दुसरं काय वाटणार माणसाला, तूच सांग. माझं काय चुकलं? डोहाळेजेवणाला मी गेले नाही, दुकानात गिऱ्हाईक होतं म्हटलं. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, मी ये म्हटलं नाही, तिनं येते म्हटलं नाही. बारशाला गेले. नातीला झबलं-टोपडं नेलं — रेडीमेड. बाजारातून. कटपीसवाल्या कलाबाईनं रेडीमेड झबलं नेलं! योगितानं हातात घेतलं, उलटसुलट केलं, मला म्हणते, "आई, तू नाही शिवलंस?" अन् मी — भरल्या घरात — मी म्हटलं, तुला कुठे आवडतं माझ्या हातचं. तिचे डोळे भरले. मी बघितले भरलेले. अन् तशीच बसनं परत आले. तेव्हापासून बंद. येणं बंद, फोन बंद. कामरेज काय लांब आहे? इथून निघालं तर भाजी शिजेपर्यंत पोचेल माणूस.

अन् परवा संक्रांतीचं हळदीकुंकू, मागच्या गल्लीत उज्ज्वलाकडे. ओटी भरली तिनं माझी. पदरात पीस पडला अन् हाताला जाड लागला. मी बघते तर चिंतामणी रंग. बघते तर कोपऱ्याला पिवळा टाका. तसाच. माझा टाका, तसाच्या तसा! उज्ज्वलाला विचारलं, कुठून आला गं? ती म्हणते, काय माहीत काकू, कोणाच्यातरी ओटीतला असेल, कपाटात होता. मी तिथेच खाली बसले. सगळ्या म्हणाल्या, चक्कर आली कलाबाईला, पाणी द्या.

म्हणजे उघडलाच नाही तिनं. कळतंय का तुला? बघून गप्प नव्हती बसली ती. तिला माहीतच नाही! देण्याघेण्याचा समजून देऊन टाकला कोणालातरी — अन् का नाही देणार, सगळे देतात, दिसायला सारखाच. पण आईच्या दुकानातला पीस, एकदा हात तरी फिरवावा ना त्यावर? एकदा तरी? अन् मी इथे बसून, लेकरावर राग धरून... नात चालायला लागली असेल गं आता.

हे म्हणतात, "एकदाव फोन करी टाक पोरले." सोपं आहे का? काय सांगू फोनवर? तू देऊन टाकलेला ब्लाऊज माझ्याकडेच परत आलाय, असं सांगू? तिला किती लागेल ते. नाहीतर काही लागायचंच नाही, अन् मग मी काय करू? तू सांग ना. नाही, तू नको सांगू. तुला काय माहीत.

दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडलीत मी आत. बाळंतपणानंतरसुद्धा झाला असता. आजही होईल. उसवला की होईल.

राहू दे. रडत नाहीये मी, कापडाची धूळ असते इथे. हे घे तुझे पाच. मोजून घे, मला आज काही सुचत नाहीये. अन् ऐक, ओटीत घालशील ना, तेव्हा त्या बायकांना म्हण, घरी जाऊन एकदा उघडून बघा. ह्यात काही नाहीये, माहितेय मला, ह्यात काही नाहीये. तरी म्हण.

पैसे? उद्या दे, परवा दे. आता जा तू. अन् जाताना ते शटर ओढून घे गं खाली, माझा हात नाही पोचत. पूर्ण ओढ. मी आहे आत, असू दे. ओढ.