अरुंधती दिसेपर्यंत

कुडपणात एक म्हातारी होती आणि मुंबईत तिचा नातू, विनू होता. म्हातारी म्हणजे मीच गो. शेजारच्या घरांना कुलपं, बोलायचं तर म्हशीशी.

विनूचं लगीन भर दुपारी हॉलात लागलं. भटजींनी नवरीला अरुंधती म्हणून छताकडंच बोट दाखवलं. मी फोनवर म्हटलं, "विन्या, खरी अरुंधती बघितल्याबिगर लगीन पुरं होत नाय. घेऊन ये तिला."

आला, पण एका रात्रीच्या बोलीनं. अंगणात नातसुनेला दाखवलं, "तुमचे सप्तर्षी म्हणजे आमच्यात म्हातारीचं बाजलं. चार तारे बाजल्याचे खूर, मागचे तीन ते पळवायला आलेले चोर. मधल्या चोराला चिकटलेली बारीक चांदणी, ती अरुंधती."

"नाय दिसत, आजी."

"मग दिसेपर्यंत राहा."

विन्या कुरकुरला, पण राहिला. रोज संध्याकाळी तेच, तिला काय दिसेना. मलाच घोर लागला. म्हटलं, "पोरी, पोलादपूरला डोळे दाखवू तुझे."

तेव्हा ती चुलीपाशी हळूच म्हणाली, "आजी, पहिल्याच दिवशी दिसली. पण सांगितलं असतं, तर ह्यांनी लगेच गाडी काढली असती."

आता दोघं दर सुट्टीला येतात. अजून तिला अरुंधती दिसलेली नाय.