देव्हाऱ्यातली फ्रान्सची बाटली

हसू नका, पण आमच्या कुरुंद्याच्या घरी एकदा फ्रान्सची व्हाइट वाइन देव्हाऱ्यात बसली होती.

झालं असं की पुण्याहून आलेल्या मामाची पिशवी कलंडली आणि त्याच्या साहेबांनी दिलेली बाटली घरंगळत थेट बाबांच्या पायाशी गेली. बाबा माळकरी. घरात दारूचं नावसुद्धा चालत नाही.

“हे काय आणलंस?”

“द्राक्षाचा रस हाय, दाजी.”

बाबांनी बाटली माझ्या हातात दिली. “वाच गं, इंग्रजीत काय लिहिलंय.”

त्यांच्या पाठीमागे मामा मला हात जोडत होता. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी वरची ओळ सोडून खालचं वाचलं. “एकाच घराण्याची द्राक्षबाग. चार पिढ्या सगळे भाऊ मिळून कसतात.”

“चार पिढ्या? अन् वाटणी न्हाई?” बाबा थक्क झाले. गेल्याच वर्षी त्यांची आणि काकांची हळदीची जमीन वाटली गेली होती. “अशा घरचा माल देवापुढंच पाहिजे.”

त्यांनी बाटली देव्हाऱ्यात ठेवून तिला हळदकुंकू लावलं.

मामा हळूच म्हणाला, “दाजी, जाताना नेऊ का मी?”

“काहून? सप्त्याच्या शेवटच्या दिवशी सगळ्या गावाला चमचा-चमचा तीर्थ देऊ. भावाभावांत एकी राहील.”

मामानं डोळेच मिटून घेतले. शेवटी मीच घसा साफ केला.

“बाबा, वरची एक ओळ वाचायची राहिली.”